शंभर घोडे पाण्यावर, शंभर घोडे रस्त्यावर

करंजाडे हे नाव उच्चारले की अनेकांना उरणजवळचे करंजा आठवते. करंजा हे कोळ्यांचे जुने बंदर. करंजाडे त्याहून वेगळे. पनवेल शहराला लागून, गाढी आणि काळुंद्री या नद्यांचे पाणी ज्या खाडीत उतरते त्या खाडीच्या परिसरातले हे गाव आता सिडकोच्या नव्या वसाहतीचे नाव होऊन बसले आहे. विमानतळासाठी ज्यांची घरे गेली त्या गावांपैकी काहींचे पुनर्वसन याच करंजाडे-वडघर भागात झाले. त्या घरांच्या खिडकीतून आज होडी दिसत नाही. दिसतो तो न्हावा-शेवा बंदराकडे जाणारा रस्ता आणि त्यावरून रात्रंदिवस धावणारी कंटेनरची वाहने.

अशाच एका घरी आम्ही पाहुणे म्हणून गेलो असता तेथील शाळकरी मुलाने आम्हांला एक प्रश्न विचारला. त्याच्या काकांनी नुकतीच मोटार घेतली होती आणि ती शंभर हॉर्सपॉवरची आहे असे तो अभिमानाने सांगत होता. त्याच्या आजोळी, वसईच्या किनाऱ्यावर, मामांची मासेमारीची बोट आहे. तिच्या इंजिनावरही शंभराचाच आकडा आहे. ''मग काकांची गाडी वाऱ्यासारखी पळते आणि मामांची बोट सायकलच्या वेगाने जाते, असे का? दोन्हीकडचे घोडे सारखेच ना?'' असा त्याचा सरळ प्रश्न होता.

घरातील मंडळी हसली. आम्हांला मात्र हसू आले नाही. याच प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे आपल्या किनाऱ्यावरची काही चांगली घरे कर्जात बुडालेली आम्ही पाहिली आहेत. म्हणून त्या मुलाला दिलेले उत्तर थोडे विस्ताराने येथे मांडीत आहोत.

या उत्तराची सुरुवात करायला पनवेलइतके योग्य ठिकाण नाही. कारण जलमार्ग संपून खुष्कीचा मार्ग जेथे सुरू होई ते हे गाव. लोहमार्ग होण्यापूर्वी मुंबईहून पुण्यास जाणारा प्रवासी भरती पाहून होडीत बसे, खाडीतून पनवेलच्या बंदराला लागे आणि तेथून पालखी, टांगा किंवा बैलगाडी करून खंडाळ्याचा घाट चढे. बोर घाटाचा गाडीरस्ता मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत १८३० साली खुला झाला. मालाने भरलेला एक पडाव धक्क्याला लागला की तो रिकामा करण्यासाठी बैलगाड्यांची रांग लागे. जो भार पाण्यावर एक शीड आणि चार-सहा खलाशी वाहून आणीत, तोच जमिनीवर न्यावयास कितीतरी बैलांच्या माना जुवाखाली द्याव्या लागत. इंग्लंडातील कालव्यांवरही हाच अनुभव होता. रस्त्यावर एक-दोन टन ओढताना दमणारा घोडा कालव्याच्या काठाने चालत तीस-चाळीस टनांची नाव सहज ओढून नेई. हळू चालणाऱ्या जड ओझ्याला पाणी फारसा विरोध करीत नाही, हे शास्त्रज्ञांच्या आधी तांडेलांना आणि नावाड्यांना समजले होते.

त्याच १८३० साली मुंबई बंदरात आणखी एक महत्त्वाची घटना घडली. मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट २० मार्च रोजी सुएझच्या दिशेने निघाली. मुंबईहून सुएझला वाफेवर गेलेली ही पहिली बोट. तिचे वजनमाप ४११ टन होते आणि तिला प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन इंजिने होती. म्हणजे एकंदर १६० अश्वशक्ती. त्या काळची नाममात्र अश्वशक्ती मोजण्याची रीत आजच्याहून वेगळी होती आणि प्रत्यक्ष ताकद त्या आकड्याहून अधिक भरे, हे खरे. तरीही तुलना केल्याशिवाय राहवत नाही. आज करंजाड्याच्या रस्त्यावरून जाणारी एखादी मोठी मोटार जेवढी अश्वशक्ती घेऊन चार माणसे वाहते, तेवढ्या आकड्याने एक संपूर्ण जहाज अरबी समुद्र ओलांडून गेले होते.

तेव्हा ही अश्वशक्ती म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू.

जेम्स वॉट यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस आपली वाफेची यंत्रे खपविताना हा शब्द रूढ केला. गिरणी व खाण यांचे मालक घोड्यांवर काम करून घेत. त्यांना 'हे यंत्र इतक्या घोड्यांचे काम करील' असे सांगितल्यावाचून ते पटत नसे. वॉट यांनी हिशेब ठरविला तो असा: ३३,००० पौंड ओझे एका मिनिटात एक फूट उचलणे म्हणजे एक अश्वशक्ती. आपल्या मापात, सुमारे ७६ किलोचे पोते एका सेकंदात एक मीटर वर उचलणे. धडधाकट माणूस तासन्‌तास वल्ही मारू लागला तर तो याच्या जेमतेम आठव्या-दहाव्या भागाइतकी शक्ती देतो. १९८६ साली गालीलच्या सरोवराकाठी चिखलात प्रभू येशूच्या काळाच्या सुमाराची एक मासेमारीची नाव सापडली. तिची लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास आहे. तिच्यावर चार वल्हेकरी असतील असे धरले, तर त्या सर्वांची मिळून शक्ती अर्धी अश्वशक्तीच भरते. पेत्र आणि त्याचे सोबती वाऱ्याविरुद्ध वल्ही मारून का थकत, हे या हिशेबाने चांगले उमजते.

या व्याख्येत काळाचा उल्लेख आहे, परंतु तो एका मिनिटाचा. ते काम यंत्राने पुढच्या मिनिटालाही करावे, पुढच्या तासालाही करावे, रात्रभर करावे, असे त्या आकड्यात कोठेही लिहिलेले नाही. सगळा घोटाळा येथेच आहे.

मोटारीच्या इंजिनाचे आयुष्य पाहा. शंभर अश्वशक्तीची मोटार सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर वेगाने जात असते तेव्हा तिला प्रत्यक्षात दहा-पंधरा अश्वशक्तीच लागते. पुढचे वाहन ओलांडताना किंवा बोर घाट चढताना चालक पाय दाबतो, तेव्हा क्षणभर उरलेले घोडे धावून येतात आणि काम होताच पुन्हा तबेल्यात जातात. सिग्नलला तर सगळेच उभे असतात. शंभर हा तिचा सणासुदीचा आकडा आहे. रोजचा संसार ती पंधरात भागविते.

बोटीला असा विसावा नाही. पाण्याला उतार नसतो. इंजिन बंद केले की बोट थोड्याच वेळात थांबते आणि चालू असेपर्यंत तिला पाणी सतत मागे रेटत असते. बोटीचा प्रवास म्हणजे कधीही न संपणारा घाट. शंभरापैकी सत्तर-ऐंशी घोडे सहा-सहा, आठ-आठ तास एकसारखे जुंपलेले असतात. मोटारीने दोन लाख किलोमीटरचे आयुष्य काढले तरी सरासरी ताशी ४० किलोमीटर धरल्यास तिचे इंजिन पाच हजार तासच चाललेले असते. कित्येक दिवसांच्या फेऱ्या करणाऱ्या मासेमारी बोटीचे इंजिन तेवढे तास काही मोसमांतच पुरे करते, आणि तेही भाराखाली.

म्हणूनच इंजिनांचे कारखानदार एकाच इंजिनाला निरनिराळे आकडे देतात. सिलिंडर तेच, दट्टे तेच, परंतु सुट्टीच्या दिवशी तासभर धावणाऱ्या हौशी नौकेसाठी आकडा मोठा, रोजच्या मासेमारीसाठी त्याहून लहान आणि अहोरात्र चालणाऱ्या ओढबोटीसाठी सर्वांत लहान. यांतला कोणताही आकडा खोटा नाही. प्रत्येक आकडा एक वचन आहे आणि ते किती वेळ पाळले जाईल ते त्यात गृहीत धरलेले आहे.

इतिहासात डोकावले तर दिसते की मोटार आणि मोटारबोट ही एकाच घरातली भावंडे. कार्ल बेंझ यांनी १८८६ च्या जानेवारीत आपल्या तीनचाकी गाडीचे पेटंट मागितले. तिची शक्ती पाऊण अश्वशक्तीच्या आसपास होती. त्याच वर्षी गॉटलिब डाइमलर यांनी जर्मनीतील नेकार नदीवर आपले इंजिन होडीत बसवून पाहिले. पेट्रोलचा स्फोट होईल या भीतीने लोक होडीत बसावयास धजेनात, तेव्हा डाइमलर यांनी होडीवर तारा व चिनी मातीचे गट्टू लावून ती विजेवर चालते असा आभास निर्माण केला, असे सांगतात. भीती मात्र अगदीच अनाठायी नव्हती. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. रस्त्यावर ती वाऱ्याने उडून जाते, होडीच्या तळाशी मात्र साचून राहते. पुढे कामाच्या बोटींनी पेट्रोल सोडून रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची वाट धरली, त्याला हेही एक कारण आहे.

येथून दोन भावंडांचे मार्ग वेगळे झाले. मोटारीला हलके इंजिन हवे होते, कारण इंजिनाचे वजनही तिलाच वाहावे लागते. हलक्या इंजिनातून शक्ती काढण्याचा उपाय म्हणजे ते भराभर फिरविणे. आजच्या लहान मोटारीचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेते तेव्हा कोठे त्याची पुरी शक्ती मिळते. बोटीला वजनाचे फारसे भय नाही. तिच्या पंख्याला मात्र घाई चालत नाही. मोठा पंखा सावकाश फिरला तर तो पाण्याला धरून ढकलतो, लहान पंखा वेगाने फिरला तर तो पाणी नुसते घुसळतो. १९१२ साली डेन्मार्कमध्ये बांधलेले 'सेलांडिया' हे महासागरावर जाणारे पहिले मोठे डिझेल जहाज. त्याची दोन इंजिने प्रत्येकी १,२५० अश्वशक्तीची होती आणि ती मिनिटाला अवघे १४० फेरे घेत. अश्वशक्ती म्हणजे फिरविण्याचा जोर आणि फेऱ्यांची संख्या यांचा गुणाकार. मोटार तो गुणाकार फेऱ्यांनी मोठा करते, जहाज जोराने. उत्तर सारखे आले तरी बेरजेतली माणसे निराळी असतात.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. सातपाटीपासून अर्नाळा, वसई, उत्तन, गोराई, मनोरी, मढ आणि वेसाव्यापर्यंत आपल्या आजोबांच्या पिढीने मासेमारी केली ती शिडावर आणि वल्ह्यांवर. वारा पडला की परतीला उशीर होई आणि मासळी नासे. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, मुंबई राज्यात मच्छीमार नौकांच्या यांत्रिकीकरणास सुरुवात झाली. सरकारने सहकारी संस्थांमार्फत कर्जे व अनुदाने दिली. देशी इंजिनांचे कारखानेही याच सुमारास उभे राहिले. किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्याजवळ खडकीला स्थापन झाली. किनाऱ्यावर रस्टन, किर्लोस्कर ही नावे घरच्या माणसांसारखी घेतली जाऊ लागली. पुढे लेलँडची इंजिने आली. जी कंपनी मालमोटारी बनवीत होती तिचेच इंजिन समुद्रासाठी फेरफार करून होडीत बसू लागले. नव्या इंजिनावर धर्मगुरूंनी पवित्र पाणी शिंपडले, गावाला जेवण झाले आणि डोलकाठीऐवजी धुराचे नळकांडे उभे राहिले.

कारखान्यात केलेला फेरफार हा एक भाग झाला. परंतु अनेकांना नवे सागरी इंजिन परवडत नसे. अशांपैकी एका नाखव्याची हकीकत आम्हांला त्याच्या मुलानेच सांगितली. भंगारात निघालेल्या मालमोटारीचे इंजिन त्याने स्वस्तात घेतले. विकणाऱ्याने सांगितले, ''एकशे वीस घोडे आहेत, नव्वदचे इंजिन काय करता?'' नाखव्याला हिशेब पटला. घरातील पाटल्या मोडून त्याने ते बसविले. पहिले पंधरा दिवस होडी गावात सर्वांच्या पुढे पळाली. मग धूर काळा पडू लागला. पंखा इंजिनाच्या मानाने मोठा होता. त्यामुळे हात पूर्ण दाबला तरी फेरे पुरे भरत नसत आणि आत डिझेल अर्धवट जळत राही. थंड करण्यासाठी खारे पाणी थेट इंजिनात फिरविले होते. त्या मिठाने आतले मार्ग बुजत आणि लोखंड खात आणले होते. पहिला मोसम संपायच्या आत एका रात्री किनाऱ्यापासून दूर ते इंजिन जाम झाले. एक दिवस आणि दोन रात्री होडी वाहत गेली. दुसऱ्या गावच्या तांडेलाने दोर टाकून तिला ओढून आणले म्हणून माणसे वाचली. कर्ज मात्र वाचले नाही. ते फेडावयास पुढची सात वर्षे लागली आणि शिकत असलेला थोरला मुलगा शाळा सोडून खलाशी झाला. ही हकीकत सांगणारा तोच.

त्या इंजिनाने कोणाला फसविले होते काय? नाही. मालमोटारीत त्याने एकशे वीस घोडे खरोखरच दिले असतील. परंतु तेथे त्याच्यापुढे रेडिएटर होता, त्यावर वाऱ्याचा झोत होता आणि चढ संपल्यावर उतार होता. तेथे पाच-सहा गिअर होते. भार वाढला की चालक गिअर बदलून इंजिनाचा श्वास मोकळा करीत असे. होडीला पुढे, मोकळे आणि मागे एवढेच गिअर. त्यामुळे पंखा निवडला की एकच गिअर कायमचा निवडला गेला. तो चुकला तर प्रत्येक मिनिट चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी रेटण्यासारखे असते. म्हणून जाणते मिस्त्री नव्या होडीची परीक्षा समुद्रात भार घालून घेतात. हात पूर्ण दाबल्यावर इंजिनाने फलकावर लिहिलेले फेरे गाठले तर पंखा बरोबर. गाठले नाहीत तर इंजिन नव्हे, आधी पंखा बदलावा. अर्ध्या दिवसाच्या या परीक्षेने सात वर्षांचे कर्ज टळू शकते.

पाण्याचा आणखी एक कडक नियम आहे आणि तो घोड्यांच्या संख्येपुढे मान तुकवीत नाही. पाण्यातून जड नौकेचा वेग वाढवावयाचा तर लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाने वाढते. दुप्पट वेगाला आठपट शक्ती. उलट, आठ नॉटांऐवजी सात नॉटांनी जायचे ठरविले तर शक्ती सुमारे एक तृतीयांशाने कमी लागते आणि तेवढ्याच अंतराला डिझेल जवळजवळ एक चतुर्थांश वाचते. शिवाय नौकेच्या लांबीनुसार तिच्या वेगाला एक मर्यादा असते. त्या मर्यादेपाशी ती स्वतःच उठविलेल्या लाटेवर चढू पाहते आणि मग कितीही घोडे जुंपले तरी ते लाटच मोठी करतात. शेजाऱ्याने शंभराचे इंजिन घेतले म्हणून आपण दीडशेचे घ्यायचे, ही चढाओढ किनाऱ्यावर अनेक वर्षे चालली आहे. तिच्यातून वेग थोडा मिळतो, डिझेलचे बिल पुष्कळ येते आणि ते भरण्यासाठी अधिक मासळी ओढावी लागते. समुद्रात मासळी कमी झाल्याची तक्रार आपण सर्वच करतो. त्या तक्रारीत या जादा घोड्यांचाही वाटा आहे, हे प्रांजळपणे कबूल करायला हवे.

आता पुन्हा करंजाड्याच्या खिडकीत उभे राहू. न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ साली सुरू झाले. समुद्रातून आलेला कंटेनर तेथे वाहनावर चढतो आणि या रस्त्याने घाटाकडे निघतो. त्या वाहनाचे इंजिन दोनशेहून थोड्या अधिक अश्वशक्तीचे धरले आणि त्यावर वीस फुटी दोन कंटेनर धरले, तर एका कंटेनरच्या वाट्याला शंभरावर घोडे आले. आता २००६ साली पाण्यात उतरलेले 'एमा मर्स्क' हे जहाज पाहू. त्याच्या चौदा सिलिंडरच्या इंजिनाची शक्ती सुमारे १,०९,००० अश्वशक्ती. इंजिनाचेच वजन २,३०० टन. प्रत्येक दट्ट्या जवळजवळ एक मीटर रुंदीचा आणि तरीही फेरे मिनिटाला केवळ १०२. आकडा ऐकून छाती दडपते. परंतु त्या जहाजाची मूळ घोषित क्षमता ११,००० कंटेनरांची होती. भागाकार केला तर एका कंटेनरला दहा घोडेही येत नाहीत. जगातील अजस्र इंजिनांपैकी एक, प्रत्येक ओझ्यामागे मालमोटारीच्या दहाव्या हिश्शाइतकीच ताकद खर्च करीत होते. पुढे २००८ च्या मंदीनंतर इंधन वाचविण्यासाठी अशी जहाजे आणखी सावकाश चालविली जाऊ लागली, कारण घनाचा तो नियम त्यांनाही लागू आहे.

पनवेलच्या धक्क्यावर पडावाभोवती लागणारी बैलगाड्यांची रांग आता न्हावा-शेव्याला कंटेनरच्या वाहनांची झाली आहे. जनावरांची जागा इंजिनांनी घेतली. पाणी आणि रस्ता यांच्यातला व्यवहार मात्र तोच राहिला.

त्या शाळकरी मुलाला आम्ही एवढेच सांगितले: ''काकांचे शंभर घोडे शर्यतीचे आहेत, मामांचे शंभर नांगराचे. काकांची गाडी एका टनाची आहे, मामांची बोट जाळी, बर्फ आणि मासळी धरून वीस-पंचवीस टनांची. काकांचे घोडे बहुतेक वेळ झोपलेले असतात, मामांचे रात्रभर जागे असतात.'' मुलाने थोडा विचार केला आणि विचारले, ''मग मामांचे इंजिन जास्त चांगले?''

चांगले-वाईट नव्हे, असे आम्ही म्हणालो. ज्याला जे काम, त्याला ते इंजिन. परंतु इंजिन विकत घेताना 'किती घोडे?' एवढे विचारून थांबू नये. 'किती तास?' हेही विचारावे. पहिला प्रश्न सगळेच विचारतात. दुसरा न विचारल्याची किंमत आपल्या किनाऱ्यावर काही घरांनी पाटल्या मोडून आणि मुलांची शाळा सोडवून मोजली आहे. मामा पुढच्या वेळी इंजिन घेतील तेव्हा हा दुसरा प्रश्न त्यांच्या वतीने आपण विचारू, असे त्या मुलाने आम्हांला कबूल केले आहे.